बांडगुळांची आवणी

रोज सकाळी साडेपाचला आमच्या अंगणात हजेरी चालायची. आमचे हे, म्हणजे पोपटराव, मोहोपाड्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात टाइमकीपर. खाकी कपडे चढवून, मस्टर उघडून हे ओरडायचे, "एक!" मी चुलीपाशी बसून म्हणायचे, "हजर." "दोन!" "हजर." असं चारशे बारापर्यंत. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटायचं, या घरात पलटण उतरली आहे. पलटण कसली डोंबलाची! झाडं होती झाडं. त्यांना तोंड नाही म्हणून त्यांच्या वतीनं हजर मी. तोवर दूध उतू गेलेलं असायचं.

त्याचं असं झालं की आमच्या चौक गावावरून जाणारा मुंबई-पुणे रस्ता रुंद करताना जुने आंबे आणि जांभळं तोडली. ओंडके वखारीत आले आणि त्यांच्या फांद्यांना ऑर्किडं चिकटलेली होती. हे वखारीत सरपण आणायला गेले, ते सरपण तिथंच टाकून ऑर्किडं घेऊन आले. पुढं नऊ वर्षं तेच. शिकलेली माणसं त्याला सीतेची वेणी म्हणतात, आमच्या गावात सरसकट बांडगूळ म्हणतात. मीही तेच म्हणायचे, ह्यांच्या पाठीमागं. फूल मात्र देखणं हो, खोटं कशाला बोलू! जांभळट पांढरा तुरा वीतभर लोंबतो आणि बघत राहावंसं वाटतं.

पण सांभाळायची तऱ्हा ऐका. झाड कुंडीत मातीत लावायचं नाही, नारळाच्या सोडणावर बांधून तारेनं टांगायचं. मुळं मोकळी, वाऱ्यावर. पाणी विहिरीचं नको, साठवलेलं पावसाचं, तेही डास मारायच्या पंपानं फवारायचं. आणि कारखाना तीन पाळ्यांत चालतो म्हणून झाडंही तीन पाळ्यांत. पहिली पाळी सकाळच्या उन्हाला अंगणात, मग ती पडवीत आणि दुसरी पाळी बाहेर. भोंगा ऐकू आला की हातातली भाकरी टाकून मी पाळी बदलायची. प्रत्येकाच्या गळ्यात पत्र्याचा नंबर. दोनशे चाळीस नंबरनं तीन वर्षं फूल दिलं नाही म्हणून ह्यांनी त्याला मेमो दिला. तो त्याच्यासमोर उभं राहून मी वाचून दाखवला. सत्त्याऐंशी नंबरला बढती मिळाली. तो देवघराच्या खिडकीत गेला आणि देव फडताळात आले. मी मेली सगळं करत गेले. नवऱ्याला दारूचं व्यसन नाही, पत्त्यांचं नाही, असं म्हणून गप्प बसायचे.

एकोणऐंशी सालच्या आषाढात माझं गप्प बसणं संपलं. आमच्या एकुलत्या एक जयाला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही तर रीतच आहे. पण तिची सासू मोतीबाई, दहिवलीची, तिनं पत्र धाडलं: "तुमच्याकडे बांडगुळांना जागा आहे, माणसाला नाही असे ऐकते. बुधवारी दुपारी मी स्वतः जयाला घेऊन येते. बाळंतिणीची खोली असेल तर ठेवीन, नाहीतर त्याच एसटीने परत नेईन." खाली कोपऱ्यात जयानं बारीक अक्षरात लिहिलं होतं, "आई, मला तुझ्याकडंच यायचंय. मला फार भीती वाटते."

ते वाचून मी उठले आणि ह्यांना गाठलं. कारण बाळंतिणीला देण्याजोगी खोली घरात एकच, मागची. आडोशाची, बिनवाऱ्याची. आणि तिथं ह्यांची चौसष्ट नाजूक झाडं आढ्यापासून जमिनीपर्यंत लोंबत होती.

"अहो, खोली रिकामी करा," मी म्हटलं.

"ती चौसष्ट कायम आहेत," हे म्हणाले. "कायमवाल्यांना हलवायचं तर चौदा दिवसांची नोटीस लागते."

"मग द्या नोटीस!"

ह्यांनी खरोखर दिली. कार्बन लावून तीन प्रती काढल्या आणि एक खोलीच्या दाराला डकवली. चौदा दिवस आणि बुधवार चार दिवसांवर!

"आणि जया? ती कोण मग?"

"जयाचं नाव लग्नाच्या दिवशी इथल्या पटावरून कमी झालं. आता येईल ती बदलीवर, म्हणजे तात्पुरती."

रागानं म्हणाले असते तर मी सोसलं असतं. पण हे अगदी शांतपणे, नियम सांगावा तसं बोलले, आणि मस्टर मिटून जेवायला बसले. ज्या पोरीला खांद्यावर बसवून ह्यांनी जत्रा दाखवली, ती बदलीवर! माझ्या डोक्यात तिडीक गेली.

सोमवारी सकाळी हे अंगणात उभे राहिले. "एक!" मी गप्प. "दोन!" मी भाकरी थापतेय. "तीन!" दूध चांगलं तापलं, उतू गेलं नाही. हे चारशे बारापर्यंत ओरडत गेले आणि मस्टरमध्ये चारशे बारा तांबड्या फुल्या मारून आत आले.

"हे काय आहे?"

"संप," मी म्हटलं. संप कसा करतात हे ह्यांनीच मला जेवताना शिकवलेलं. "एकच मागणी. मागची खोली जयाला."

लाल चोळखण काठीला बांधून मी अंगणाच्या कडेला जांभळाखाली जाऊन बसले. स्वयंपाक करायची, पण बांडगुळाला हात लावायची नाही. दोन दिवस ह्यांनी मधल्या सुट्टीतही घरी येऊन एकट्यानं पाळ्या बदलल्या, पंप मारला, धावतपळत सायकल हाणली. मंगळवारी हे स्वतःच कामावर दोन मिनिटं उशिरा पोचले. टाइमकीपरलाच उशीर! ह्यांनी स्वतःच्या नावापुढं लेट मार्क मारला आणि संध्याकाळी घरी येऊन भिंतीकडं तोंड करून बसले. मला वाईट वाटलं. पण मागणी मान्य करतो म्हणाले का? नाव नको.

बुधवारी ह्यांनी बदली कामगार आणले. आमच्या घरामागं सखाचं शेत. सखा आणि त्याची बायको धोंडूबाई, दोघंही जन्मभर भातशेती केलेली माणसं, अडीअडचणीला धावून येणारी. हे त्यांना म्हणाले, "आजचा दिवस बघा. दुसरं काही कळलं नाही तरी चालेल, फक्त मुळं जपा. मुळं हाच यांचा जीव." आणि सायकलवर टांग मारून पहिल्या पाळीला गेले.

सखा आणि धोंडूबाई घरभर हिंडले. मी जांभळाखालून बघत होते.

"अगं बाय बाय!" धोंडूबाईनं तोंडावर हात ठेवला. "समद्यांची मुळं उघडी पडलीत की रं! वाऱ्यावर लोंबत्यात बिचारी. आन पोपटराव म्हनतात मुळं जपा!"

सखा डोकं खाजवत म्हणाला, "रानात झाडाला चिकटून असतंय ते वायलं. हितं तर नुसत्या काथ्यावर हायेत. मूळ जपायचं म्हंजी चिखलातच घालाय पायजे, दुसरं काय?"

त्यांच्या शेतात त्या दिवशी आवणी चालली होती, भाताची रोपं उपटून चिखलात लावायचं काम. अर्धं खाचर लावून झालेलं, अर्धं चिखल करून तयार. आणि सहा बाया कमरेत वाकलेल्या. धोंडूबाई माझ्याकडं आली.

"सुंदरावैनी, खाचरात लावू का गं?"

आता खरं सांगते. मला माहीत होतं. नऊ वर्षं मी ती झाडं सांभाळली, मातीत घातलं की हे झाड कुजतं हे मला झोपेतही सांगता आलं असतं. एक शब्द बोलले असते तर झालं असतं.

"मी संपावर आहे," मी म्हटलं. "मला विचारू नकोस."

झालं! सहा बाया हातातली रोपं टाकून धावत आल्या. पाट्या भरभरून झाडं निघाली. सोडणं तोडून फेकली, तारा कापल्या. आणि आवणीच्या बायांचा हात तो, वाऱ्यासारखा! दोरी धरल्यागत सरळ ओळी, वीतवीतभर अंतर. आधी अंगणातली गेली, मग पडवीतली, मग मागच्या खोलीतली चौसष्ट. सत्त्याऐंशी नंबर जाताना मी तोंड फिरवलं. पण खोली रिकामी होत होती, आणि तेही मी बघत होते.

शेवटची पाटी बाहेर पडली तशी मी उठले. शेणाचा काला केला, खोली सारवली, बाज टाकली, शेगडी आणली. सारवणं हे माझ्या मागणीतच बसत होतं, त्यानं संप मोडत नव्हता.

साडेबाराला मोतीबाई आल्या. मागं जया, पोट सांभाळत, चेहरा उतरलेला. मोतीबाईंनी खोलीत जाऊन चारी भिंती बघितल्या, आढ्याकडं बघितलं, बाज हलवून बघितली. काही खोट काढता येईना तेव्हा म्हणाल्या, "बरी आहे." चहा घेतला आणि निघाल्या. वाटेत खाचराच्या बांधावर थबकल्या. "हे कसलं गं भात?"

"नवीन वान हाय," धोंडूबाई कंबर सरळ करत म्हणाली. "पोपटरावांचं. कारखान्यातनं आणलंय."

मोतीबाई अदबीनं मान हलवत एसटीला गेल्या. इकडं जया माझ्या गळ्यात पडून इतकी रडली की माझा पदर भिजला. मग चार घास खाऊन बाजेवर आडवी झाली आणि दोन मिनिटांत झोपली. किती दिवसांची जागी होती कोण जाणे.

चारला हे आले. अंगणात सायकल लावली आणि मोकळ्या तारांकडं बघत उभे राहिले. सखा बांधावरून आनंदानं ओरडला, "या पोपटराव! एक बी मूळ उघडं ठेवलं नाय बगा!"

हे बांधावर गेले. चारशे बारा बांडगुळं चिखलात ओळीनं उभी, गळ्यात नंबर, वर पाऊस. सखाला बोलणार काय, त्यानं सांगितलं तेच केलं होतं. खाकी पँट गुडघ्यापर्यंतही वर न करता हे तसेच चिखलात उतरले आणि एकेक झाड अलगद काढून पाटाच्या पाण्यात धुऊ लागले. मी दारातून बघत होते. मला वाटलं होतं, जिंकल्यावर बरं वाटेल. कसलं बरं वाटतंय! ह्यांचा वाकलेला पाठीचा कणा बघून मला रडू फुटलं, आणि स्वतःचाच रागही आला.

पंधरा-वीस झाडं छातीशी धरून हे घराकडं आले. मी वाटेतून बाजूला झाले. हे सवयीनं सरळ मागच्या खोलीकडं निघाले आणि उंबऱ्याशी थांबले. आत जया कुशीवर झोपलेली, एक हात पोटावर. ह्यांच्या कोपरांवरून गढूळ पाणी ठिबकत होतं. उंबऱ्यात सारवण ओलं होऊ लागलं तसे हे दोन पावलं मागं सरले.

मग माझ्याकडं वळून, ती जागी होऊ नये म्हणून अगदी हळू आवाजात म्हणाले, "सुंदरा, ही कुठं ठेवू?"

नऊ वर्षांत या माणसानं मला सांगितलं खूप होतं, विचारलं कधी नव्हतं. आणि मी, तीन दिवस झेंडा लावून भांडलेली बाई, चहूकडं नजर फिरवू लागले. पडवीत पाणी येत होतं. अंगणात एक तार शिल्लक नव्हती. हे आपले झाडं कवटाळून उभे, मी काही म्हणेन म्हणून वाट बघत.

"स्वयंपाकघरात आणा," मी म्हटलं. "माझी भांडी काढते मी."