कॉलरला केस लागता कामा नये

अहो, इकडे. खालच्या खणात. मी बोलतोय, केस कापायचं हातमशीन. दोन दांड्या मुठीत धरून दाबल्या की माझे दात कचकच चालतात. मला वीज लागत नाही. माणसाचा हात तेवढा लागतो, आणि हल्ली नेमका तोच मिळत नाही.

कारखान्यातला जन्म मला फारसा आठवत नाही. कळायला लागलं ते कॅडेटांच्या प्रशिक्षण केंद्रात. परेडच्या मैदानाला लागून एक खोली, एक खुर्ची, एक आरसा, आणि माझे धनी. त्यांना सगळे काका म्हणायचे.

नवे कॅडेट आले की पहिल्याच दिवशी खुर्चीत. कुणी ऐटीत भांग पाडून आलेला, कुणी कपाळावर झुलपं सोडलेली. काका खुर्चीची पाठ आरशाकडे ठेवायचे आणि काम उरकलं की गर्रकन फिरवायचे. स्वतःचं बोडकं डोकं बघून एकेकाचं तोंड असं व्हायचं की काय सांगू! बाहेर कवायतीचे उस्ताद उभेच. ते डोक्यात बोटं खुपसून बघायचे. बोटांच्या वर केस दिसला की पुन्हा आत. कॉलरला केस लागता कामा नये, हा नियम आम्हा दोघांना तोंडपाठ होता.

मग मुलींची भरती सुरू झाली. नियम त्यांनाही तोच. मुली ओठ घट्ट मिटून बसायच्या आणि काकांचा हात जड व्हायचा. का ते मला ठाऊक होतं, कारण ते रोज मला पिशवीत घालून घरी न्यायचे. घरी त्यांची लेक होती. आईची कामाची पाळी पहाटेची, त्यामुळे वेणी घालायची ती बापानेच. तोंडात रिबन धरून ते वेणी घालत, आणि ती पाढे म्हणायचं सोडून त्यांना शाळेतल्या चहाड्या सांगत बसे.

पुढे तीच केंद्रात निवडली गेली. काकांनी गल्लीभर पेढे वाटले आणि संध्याकाळी मला बाहेर काढलं.

"उद्या सगळ्यांदेखत त्या खुर्चीत तुला रडू आलं तर? इथेच उरकू," ते म्हणाले.

"उद्यापर्यंत राहू द्या ना बाबा. एकच दिवस."

"आज नाही कापले तर उद्या माझा हातच उचलायचा नाही गं."

ती बसली. आधी कात्रीने वेणी गेली, मग मानेवर मी फिरलो.

दुसऱ्या दिवशी उस्तादांनी मैदानावर नवा नियम सांगितला. मुलींना केस ठेवता येतील, फक्त घट्ट अंबाडा हवा, वर जाळी हवी. नियम येऊन आठवडा झाला होता. कचेरीला माहीत, स्वयंपाक्याला माहीत, पहारेकऱ्याला माहीत. ज्याच्या हातात मशीन, त्यालाच कुणी सांगितलं नव्हतं!

"अरेच्चा, काका, तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं की," उस्ताद म्हणाले आणि शिटी वाजवत निघून गेले. रांगेत सगळ्या अंबाड्यांमध्ये एकच मान उघडी होती.

"एक दिवस थांबला असतात तर काय बिघडलं असतं?" घरी तिची आई म्हणाली. काकांनी ताट बाजूला सारलं.

लेक भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. बापाशी बोलायची, हसायची, पण डोक्याला हात लावू द्यायची नाही. सुट्टीवर आली की केसांची टोकं बाहेरच्या दुकानातून कापून यायची. न्हाव्याची लेक! काकांच्या ते फार जिव्हारी लागायचं.

पुढे सगळंच बदललं. पोरांनाही थोडे केस चालू लागले, कारण दिलं तर दाढीसुद्धा. काका निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्याकडे विजेचं मशीन आहे, म्हणे चार्ज होतं. मी या खणात आलो. काका कधी सुई शोधायला खण उघडत, मला बघत आणि लगेच बंद करत. इतका एकटेपणा मला केंद्राला सुट्टी असतानाही कधी वाटला नव्हता.

परवा लेक सुट्टीवर आली. आता ती अधिकारी आहे, आणि केस कमरेपर्यंत. तिने काकांच्या पुढ्यात स्टूल ओढलं.

"बाबा, केस कापून द्या. बारीक."

"कशाला? आता तर सक्ती नाही."

"अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही, डोकं ठणकतं. आणि मला दुसऱ्या कुणाकडे जायचं नाहीये."

काका बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग मला काढलं, तेल सोडलं आणि तिच्या मानेवर ठेवलं. मी जिवाच्या आकांताने चाललो हो! पण गंजलेले दात केसांत अडकले आणि ती कळवळली. काकांनी मला हळूच सोडवून बाजूला घेतलं.

तिने मागे न बघता त्यांचं मनगट धरलं. "थांबू नका. कात्री घ्या."

त्यांनी मला खिडकीत ठेवलं आणि कात्री घेतली. दुपारभर दोघं बोलत होती. काका एकदा रडले, एकदा खो खो हसले. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही, आणि संध्याकाळी आईने केर भरताना मला पुन्हा इथे टाकलं.

मी रागावलेलो नाही. तुमच्यात कुणी नियम बदलणारा असेल तर एवढंच करा, बदलला की आधी न्हाव्याच्या कानावर घाला.

आणि जाताना खण नीट लावा. दमट हवा आत येते.