शेजारच्या सीटला ब्रेक नव्हता

विकलेली गाडी न्यायला नर्सबाई सकाळी येणार होत्या, आणि त्या यायच्या आत ताईंना खरं काय ते सांगून टाकायचं, असं आमच्या ह्यांनी मला कबूल केलं होतं. कबूल करण्यात हे पटाईत आहेत. चहा झाला, दुसरा चहा झाला, गाडी पुसून झाली, पुसलेली गाडी पुन्हा पुसून झाली. ताई अंगणात, गाडीला हात लागेल अशा बेताने खुर्ची टाकून बसल्या होत्या. हे गाडीच्या पलीकडे उकिडवे बसून टायरमधली हवा तपासत होते. ती त्यांनी कालच तपासली होती.

"अहो," मी खिडकीतून हळूच म्हटलं, "टायरशी काय बोलताय? त्यांच्याशी बोला."

"बोलतो गं. आधी हवा तर बघू दे."

मी खिडकी जरा जोरातच लावली.

ताई म्हणजे ह्यांची थोरली बहीण. आमच्या भागात ज्यांना गाडी चालवता येते त्यातल्या निम्म्यांना ती ताईंनी शिकवलेली आहे. मीही त्यांच्याकडेच शिकले. ह्यांनी मला शिकवायला घेतलं असतं तर आमचं लग्न टिकलं नसतं. ताईंच्या गाडी शिकवायच्या शाळेच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक होता. शिकाऊ माणूस गडबडला की ताई तो दाबायच्या, आणि गाडी गपकन थांबायची. त्यावरून सगळे त्यांना पाठीमागे 'ब्रेकबाई' म्हणायचे. ताईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी आमचे हेही त्याच शाळेत शिकवायचे, त्याच सीटवर बसून, पाय त्याच ब्रेकवर ठेवून. दोघांचं वाक्यही एकच: "घाबरलात की पाय काढा." म्हणजे ॲक्सिलरेटरवरचा. ते वाक्य आमच्या घरात इतकं मुरलेलं की पोळी करपायला लागली तरी हे ओट्याजवळ येऊन "पाय काढ, पाय काढ" म्हणायचे.

पण दुसऱ्यांना शिकवणाऱ्या बाईचं स्वतःचं चालवणं ते काय? सगळा जन्म दुसऱ्या गिअरमध्ये. रस्त्यावरून एखादी बुटकी, उघड्या टपाची गाडी सुळकन गेली की ताई बोलता बोलता थांबायच्या, ती दिसेनाशी होईपर्यंत बघायच्या, आणि मग "हं, काय म्हणत होते मी?" ह्यांनी ते लहानपणापासून पाहिलेलं. आईवडील लवकर गेले, ह्यांना ताईंनीच वाढवलं. म्हणून निवृत्त झाल्यावर, माणसं गुडघ्यांची काळजी करायला लागतात त्या वयात, ह्यांनी ही पिवळी गाडी आणली. दोन सीटची, इतकी हलकी की पुढून दोघांनी धरली तर उचलली जाईल असं वाटावं. नाव स्वतःचं पुढे केलं, कारण भेट म्हणून दिली असती तर ताईंनी ती दारातूनच परत पाठवली असती.

गाडी विकणारे एक म्हातारे दंतवैद्य होते. किल्ली हातात देण्याआधी त्यांनी ह्यांना समोर बसवून बरंच सांगितलं. मी शेजारीच होते. गाडी वेगात वळणात घातली, की मध्येच पाय काढायचा नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, रस्ता सरळ असताना. वळणात घाबरून पाय काढलात, की वजन सगळं पुढे येतं, मागची चाकं पोरकी होतात आणि गाडी शेपूट फिरवते. आपल्या नेहमीच्या जड गाड्या ते खपवून घेतात, ही घेत नाही. हे मान डोलवत होते. दाढ काढून घ्यायला आलेल्या माणसाने डोलवावी तशी. बाहेर आल्यावर म्हणाले, "आता दातांचा डॉक्टर मला गाडी शिकवणार!"

ताईंना तर ह्यांनी त्यातलं अक्षरही सांगितलं नाही. ताईंना कोण शिकवणार?

त्याच सुमारास ताईंच्या डोळ्यांचं निघालं. नजरेच्या मधोमध धूसर व्हायला लागलं होतं. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, दिवसा खुशाल चालवा, तपासणीला येत राहा, थांबायची वेळ आली की मी सांगेन. ती वेळ अजून यायची होती. म्हणून ह्यांनी घाई केली आणि एका सुट्टीच्या सकाळी ताईंना शाळेच्या सरावाच्या मैदानावर नेऊन किल्ली त्यांच्या हातात ठेवली. मी पत्र्याच्या शेडखाली थर्मास घेऊन उभी होते. ताई पहिली फेरी अगदी शिकाऊ पोरीसारखी मारून आल्या. दुसऱ्या फेरीला माझ्यासमोरून जाताना त्या हसत होत्या, तोंड उघडं टाकून, केस सगळे उडालेले. नणंदेला तसं हसताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या फेरीला गाडी मोठ्या वळणात शिरली. चांगल्या वेगात होती, पण कुठे डगमगत नव्हती. आणि एकदम ह्यांचा आवाज ऐकू आला, पार शेडपर्यंत:

"पाय काढ!"

नंतर ह्यांनी मला सांगितलं. वेग बघून ते घाबरले. शेजारच्या सीटवर बसलेले, त्यामुळे सवयीने पाय आपोआप पुढे गेला. पण तिथे ब्रेक नव्हता, नुसता पत्रा होता. पायाला काही सापडलं नाही, तेव्हा तोंडाने काम केलं. आणि ताई, ज्यांनी उभ्या आयुष्यात कुणाचं ऐकलं नाही, त्यांनी स्वतःचंच वाक्य ऐकलं. पाय काढला. गाडी गर्रकन फिरली आणि ताईंनीच विद्यार्थ्यांसाठी रचून ठेवलेल्या जुन्या टायरांच्या ढिगावर आदळली.

फार लागलं नाही कुणाला. ताईंचं मनगट सुजलं, गाडीचा एक गाल चेपला. मी धावत पोचले तेव्हा धूळ अजून खाली बसली नव्हती. ताई स्टिअरिंग धरून समोर बघत होत्या आणि विचारत होत्या, "बारक्या, मला काय दिसलं नाही रे?"

बारक्या म्हणजे आमचे हे. पोट सुटलं तरी ताईंसाठी बारक्याच. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे, आणि म्हणाले, "कड. मैदानाची कड फार जवळ आली होती."

एवढंच. पण ताई मोठ्या शिस्तीच्या. बारक्या ओरडला, म्हणजे त्याला जे दिसलं ते आपल्याला दिसलं नाही, असा त्यांनी सरळ हिशोब लावला आणि त्या दिवसापासून गाडी सोडली. हातातली बॅच ह्यांच्याकडून पुरी करून घेतली आणि शाळा दुसऱ्या माणसाला देऊन टाकली. डॉक्टर म्हणत होते, अजून वेळ आहे. ताई म्हणायच्या, "तुम्ही तक्ता दाखवता, मी मैदान पाहिलंय." मी ह्यांना किती वेळा म्हटलं, जाऊन सांगा. हे म्हणायचे, जरा मनगट बरं होऊ दे, जरा शाळेचं मिटू दे. असं करता करता डोळे खरंच गेले. आता ताईंना समोरच्या माणसाचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही. आणि गाडी आमच्या अंगणात ताडपत्री पांघरून उभी. हे ती चालवत नव्हते की विकत नव्हते. शेवटी विका म्हणून मीच हट्ट धरला. ती रोज डोळ्यांसमोर राहिली तर ह्यांचं तोंड जन्मात उघडणार नाही, असं मला वाटलं.

नर्सबाई ड्यूटी संपवून तशाच आल्या. डोळ्यांत झोप आणि चेहऱ्यावर लहान मुलासारखा आनंद. ही त्यांची पहिलीच स्वतःची गाडी. फाटकातून आत आल्या, ताईंना पाहिलं आणि वाकून नमस्कारच केला.

"मॅडम! ओळखलंत? तुमच्या शेवटच्या बॅचची मी."

"आवाज ओळखला," ताई म्हणाल्या. "क्लच सोडताना जीभ बाहेर काढायचीस तीच ना?"

सगळे हसलो. ह्यांनाही बरं वाटलं असावं, कारण ते एकदम बोलायलाच लागले. मुलगी सासरी पाठवावी तसं एकेक सांगत सुटले. पंपावरचा पोऱ्या नेहमीच्या गाडीइतकी हवा भरायला बघेल, त्याला भरू देऊ नका, हिला कमी लागते. डिकीत सामान कोंबू नका, हिची सगळी गंमत हलकेपणात आहे. मोठ्या ट्रकवाल्याला तुम्ही दिसतच नाही असं समजूनच चालवा. टपाच्या कडेला पाणी जायची भोकं आहेत, त्यात पाला अडकला की पाणी थेट सीटवर, मग माझ्या नावाने बोटं मोडाल. सकाळी टायर गार असतात तेव्हा उगाच शूरपणा नको.

नर्सबाई ऐकत होत्या, मध्येच हसत होत्या. "काका, तुम्ही मुळीच काळजी करू नका. मॅडमचं वाक्य मला पाठ आहे. घाबरलात की पाय काढा!"

ह्यांचा किल्ली पुढे केलेला हात तसाच राहिला. मी पायरीवर ट्रे घेऊन उभी होते, मला सगळं दिसत होतं. आता गप्प बसले असते तर ही पोर तेच वाक्य घेऊन कुठल्यातरी वळणात शिरली असती. आणि बोलायचं तर ताई हाताच्या अंतरावर बसलेल्या.

"नाही," हे म्हणाले. "या गाडीत नाही. वळणात घाबरलात तरी पाय काढायचा नाही. वेग आधी कमी करायचा. वळणात शिरलात की पाय आहे तिथेच ठेवायचा. काढला तर गाडी फिरते. आणि शेजारी जो बसेल त्याला आधीच बजावून ठेवायचं, की मध्येच ओरडायचं नाही."

नर्सबाई गोंधळून ताईंकडे बघायला लागल्या. ताईंचा हात बॉनेटवर होता.

"का रे?" ताईंनी विचारलं. "शेजारच्याने ओरडल्यावर काय होतं?"

ह्यांनी किल्ली मुठीत आवळली.

"बारक्या, त्या दिवशी कड कुठे होती?"

"लांब होती, ताई."

"किती लांब?"

"पुष्कळ. तू बरोबर चालवत होतीस. मला भीती वाटली. पायाखाली ब्रेक सापडला नाही, म्हणून ओरडलो. तुझ्या डोळ्यांचं काही चुकलं नव्हतं. माझं चुकलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं मला, त्या दातांच्या. मी तुला सांगितलं नाही."

मी ट्रे पायरीवर ठेवला. मला वाटलं होतं ताई चिडतील. ताई नाकावर माशी बसू देत नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मला दिसत होती ती," ताई म्हणाल्या. "कड. स्वच्छ दिसत होती. मग तू म्हणालास, आणि मी स्वतःलाच सांगितलं, दिसली नसणार. तेव्हापासून दिसलेल्या कशावरच माझा विश्वास बसला नाही रे. जिना उतरताना पायरी दिसायची, तरी पायाने चाचपून बघायचे. आणि त्यानंतर कितीतरी दिवस मला चांगलं दिसत होतं, बारक्या."

हे त्यांच्यापुढे खाली बसले, गुडघ्यांची पर्वा न करता. "ताई, मी रोज सांगणार होतो."

"हो. तू रोज सांगणार होतास." ताईंनी हात पुढे केला. मला वाटलं ह्यांच्या डोक्यावर ठेवतील. त्यांनी ह्यांच्या मुठीतली किल्ली चाचपून काढून घेतली आणि नर्सबाईंच्या दिशेने धरली. "तुला घाई आहे का गं?"

"नाही मॅडम."

"मग मला माझ्या घरी सोड. जाताना तलावाच्या रस्त्याने जा, तिथे वळणं चांगली आहेत."

"ताई, जेवून जा," मी म्हटलं. काहीतरी म्हणायला हवं म्हणून. ताई नको म्हणाल्या. हे दार उघडायला पुढे झाले, पण ताईंनी ते स्वतःच चाचपून उघडलं आणि शेजारच्या सीटवर बसल्या. दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"चालव," त्या नर्सबाईंना म्हणाल्या. "मी काही बोलणार नाही."

गाडी फाटकातून बाहेर पडली. आमच्या गल्लीच्या टोकाला पहिलं वळण आहे. आम्ही दोघं फाटकात उभे राहून बघत होतो. पिवळी गाडी वळणाआधी नीट हळू झाली, मग वळली, आणि इंजिनाचा आवाज मध्येच कुठेही पडला नाही. ताईंनी मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तरी त्यांना आम्ही दिसलो नसतो.

मी ह्यांना आत चला म्हणणार होते. खाली बघितलं तर ह्यांचा उजवा पाय फाटकाच्या फरशीवर घट्ट दाबलेला होता. गाडी दिसेनाशी झाल्यावरही त्यांनी तो उचलला नाही.