जेवायच्या हाताची बाजू

चिठ्ठीचा एक कोपरा उन्हानं सुटून वर वळला होता — पिवळी, चिकट पाठीची चिठ्ठी, डॅशबोर्डला लावलेली, आणि तिच्यावर मुरलीधरच्या ठाशीव इंजिनियरी अक्षरात लिहिलेलं: ‘जेवायच्या हाताची बाजू’. डावं-उजवं डोक्यात ठरतं आणि डोकं गोंधळतं, जेवायचा हात मात्र पोटात ठरलेला असतो, असं मुरलीधरचं शास्त्र. ब्रिस्टलला तीस वर्षं विमानांच्या पंखांवर काम केलेल्या माणसाचं शास्त्र खोडणार कोण? कमलाकरनं तो कोपरा अंगठ्यानं दाबला. तो पुन्हा उठला. पुन्हा दाबला. गाडी बंद होऊन दहा मिनिटं झाली होती, मुरलीधर पाव, चीज आणि कलिंगड घेऊन आत गेला होता, आणि हा अजून पट्टा लावून बसला होता. कारण पट्टा काढला की उतरावं लागणार, उतरलं की जेवायला बसावं लागणार, आणि जेवताना मुरलीधर ती गोष्ट सांगणार.

गोष्ट चांगलीच होती, त्यात वाद नाही. लीड्सहून कमलाकर आणि नीना, ब्रिस्टलहून मुरलीधर, मधुमती आणि त्यांची अक्षरा अशी पाच माणसं जुलैतल्या एका वीकेंडला फ्रान्सच्या खेड्यात घर घेतात. शनिवारी सकाळी दोघे मित्र बाजाराला जातात. येताना पुढच्या सीटवर पट्टा लावून कलिंगड बसतं, म्हणून मुरलीधर मागे. आणि उजवीकडून चालवायच्या देशात कमलाकर गाडी बेधडक डावीकडून हाणतो. समोरून गवताच्या भाऱ्यांचा ट्रॅक्टर. ट्रॅक्टरवाला दोन्ही हात सोडून फ्रेंचमध्ये सात पिढ्यांचा उद्धार करतो. कलिंगड सुखरूप. ‘अरे कमळ्या, हे लीड्स नाही,’ असं मुरलीधर म्हणाला होता, आणि मग दोघंही हसले होते — कमलाकर थोडा जास्त वेळ.

कारण ते लीड्स नव्हतंच.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोठी झाडं होती, बुंध्यांना पांढरे पट्टे, वर फांद्या एकमेकींत गेलेल्या, आणि सावली-ऊन-सावली-ऊन असं काचेवरून धावत होतं... आणि ती वडाची झाडं होती. वाईहून साताऱ्याकडे जाताना लागतात ती. मागच्या सीटवर वडील, अण्णा, होते, मांडीवर एक्स-रेचं मोठं पाकीट धरून, आणि सिव्हिलमध्ये दहाच्या आत पोचायचं होतं. आठवण येते तेव्हा माणूस इथे असतो आणि आठवण तिथे असते, मध्ये एक फट असते. त्या फटीतूनच आपण म्हणतो, अरे, काय दिवस होते. इथे फट नव्हती. मी तिथे होतो. मला अण्णांच्या सदऱ्याचा कापराचा वास आला. समोरची चिठ्ठी मी नीट वाचली — जेवायच्या हाताची बाजू — आणि मनात म्हटलं, आता हा कुणाकडच्या जेवणाचा निरोप, आपल्याला आज कुठे वेळ आहे. मग मान न वळवता विचारलं, ‘अण्णा, वारं लागतंय का, काच वर करू?’

आणि मागून उत्तर आलं, ‘कर.’

कमलाकरला भीती त्या ‘कर’ची होती. ट्रॅक्टरचं काही नाही. ट्रॅक्टर दिसला तेव्हा तो भानावर आला होता, आरशात अण्णांच्या जागी एक लांबलचक पाव घेतलेला मुरलीधर होता. पण त्या ‘कर’नं सगळं इतकं बिनबोभाट पार पडलं होतं की ट्रॅक्टर आला नसता तर तो साताऱ्याला पोचलाच असता, आणि मुरलीधर मागे बसून प्रत्येक गोष्टीला ‘कर’ म्हणत राहिला असता.

पुरावा तर शून्य. डावीकडून चालवायची सवय त्याला एका देशानं लावली होती आणि दुसऱ्यानं पक्की केली होती. चूक नेमकी कुठल्या देशात घडली हे जगातला कुठलाच पोलीस सांगू शकला नसता. मार्चमध्ये तो गाडी लायब्ररीपाशी विसरून बसनं घरी आला होता, पण असं कुणाचंही होतं. आणि घरी, लीड्सला, टोस्टरच्या मागे तो फॉर्म पडून होता: ऑक्टोबरात सत्तर पूर्ण, लायसन्स नवं करायचं, आणि तुम्हाला काही होतंय का हे तुम्हीच खरं खरं कळवायचं. इंग्रजांचा हा भाबडेपणा त्याला एरवी आवडायचा. उद्या दुपारी फेरीबोटीपर्यंत दीडशे किलोमीटर. गाडीत पाच जीव. इन्शुरन्स एकट्या त्याच्या नावावर, म्हणजे चालवणार तोच. अक्षराचं नाव घालायला एक फोन पुरला असता, पण फोन करायचा तर कारण सांगावं लागणार...

‘अहो, गाडीत काय अंडी उबवताय?’ नीनानं दारातून हाक मारली.

सफरचंदाच्या झाडाखाली टेबल मांडलं होतं. मुरलीधरनं गोष्ट सांगितली आणि ट्रॅक्टरवाल्याच्या जागी स्वतः उभं राहून हातवारे केले. मधुमतीनं लगेच, पोर्तुगालला मुरलीधर राउंडअबाउटला उलटा शिरला होता ते काढलं. अक्षरा तिच्या इंग्लंडात वाढलेल्या मराठीत म्हणाली, ‘माझं ऑफिसमधलं एक मैत्रीण तर स्पेनमध्ये दोन दिवस असंच चालवत होता.’ मग कमलाकरनं तिच्या व्याकरणावर नेहमीसारखं काहीतरी बोलावं म्हणून सगळ्यांनी वाट पाहिली, आणि तो बोलला नाही, तेव्हा नीनानंच त्याच्या ताटात टोमॅटो वाढला.

तो नीनाकडे पाहत होता. सांगायचं तर आत्ता. उद्यावर गेलं की राहिलं.

‘मला वाटलं, मी साताऱ्याला चाललोय,’ तो म्हणाला.

सगळं टेबल हसलं.

सपाट आवाजात, चेहऱ्यावरची रेघ न हलवता बोलायचं, ही त्याची कमाई होती. लीड्सच्या मराठी मंडळात सव्वीस वर्षं त्यानं प्रहसनं लिहिली आणि केली ती याच आवाजावर. दुसरा आवाज त्याच्याकडे नव्हता. कधी गरज पडली नव्हती.

‘नाही, खरंच,’ तो म्हणाला. ‘अण्णांना सिव्हिलला नेत होतो.’

‘म्हणून मला अण्णा म्हणालास होय,’ मुरलीधर डोळे पुसत म्हणाला. ‘मी म्हटलं, आज एकदम मान कसा वाढला.’

‘भावजी, हे यंदाच्या गणपतीत घ्याच,’ मधुमती म्हणाली.

‘पुरे हो. मला ठसका लागेल,’ नीना म्हणाली. ती तोंडावर हात धरून हसत होती, मनापासून. दार उघडण्याच्या आवाजावरून याचा दिवस कसा गेला ते सांगणारी बाई... तिच्या चेहऱ्यात तो कुठे एखादी सुरकुती थबकलेली सापडते का ते शोधत राहिला, आणि सापडली नाही. सकाळपासून त्याला भीती होती की हे कुणाला तरी कळेल. आता त्याच्या लक्षात आलं की कळणारच नाही. तो जे जे विसरेल ते ते चांगलं जमलं म्हणतील. एक दिवस तो नीनाला तिचं नाव विचारेल आणि ती हसेल.

अक्षरा हसली नव्हती.

मराठी विनोदाला ती नेहमीच एक क्षण उशिरा हसायची — आधी मनात भाषांतर, मग हसू. तो त्या हसण्याची वाट पाहत राहिला. बाकीचे कलिंगड कोण कापणार यावर वाद घालू लागले. अक्षरानं हातातला काटा खाली ठेवला आणि टेबलावर थोडी पुढे वाकली.

‘काका,’ ती हळूच म्हणाली, ‘तसा किती वेळ वाटला तुम्हाला?’

म्हणजे कुणीतरी विश्वास ठेवला होता. आणि त्यासरशी ते खरं झालं — इतका वेळ ते त्याच्या एकट्याचं होतं, अजून मागे घेता येण्यासारखं होतं. सकाळच्याहून मोठी भीती होती ही, पण तिला निदान समोर एक चेहरा होता. उत्तर म्हणून एक विनोद त्याच्या जिभेवर तयार होता, तोही चांगल्यापैकी, सगळ्या टेबलाला पुन्हा हसवील असा, अक्षरालाही. एवढं वाक्य टाकलं की सुटका.

ते वाक्य त्यानं तोंडात तसंच धरून ठेवलं, आणि तिच्याकडे पाहत राहिला.