पाण्यावरची जागा

माले गावच्या गेणबाने आयुष्यात एकच काम डोळे झाकून केलं होतं आणि ते त्याला दोन वर्षं खात होतं. न बघितलेल्या जागी त्याने पोटची पोर धाडली होती.

धनगराच्या घरात असं होत नाही. दिवाळी झाली की गेणबाचा वाडा, म्हणजे मेंढरं, दोन घोड्या, कुत्री आणि त्यांच्यामागून बिऱ्हाड, ताम्हिणीचा घाट उतरून कोकणात जातो. पण कळप हलण्याआधी घरातला एक जाणता माणूस पुढे जाऊन येतो. ज्या शेतात मेंढरं बसवायची ते शेत तो पायाखाली घालतो. ओल बघतो, काटा बघतो, शेजार कसला आहे ते विचारतो आणि सगळ्यात शेवटी तिथलं पाणी पितो. मग परत येऊन चारच शब्द बोलतो. "जागा बरी हाय. हला."

गेली तीस वर्षं हे चार शब्द बोलायचा मान गेणबाचा होता. धाकटी वैष्णवी तर लहानपणी नव्या मुक्कामावर घोडीवरून खालीच उतरायची नाही. वरूनच विचारायची, "आबा, हितलं पाणी पिलं का?" गेणबाने "पिलं" म्हटलं की मगच टुणकन उडी. साळूबाई, तिची आई, वैतागायची. गेणबाला मात्र पोरीच्या या हट्टाचं मनातून कौतुक होतं. जागेबाबत एवढी चोखंदळ पोर धनगराचीच असणार, असं तो चारचौघांत सांगायचा.

आणि हीच पोर आता जहाजावर राहत होती.

त्याला कारण मारुंजीचे दादासाहेब. त्यांच्या वावरात गेणबाने वर्षानुवर्षं मेंढरं बसवली होती. पुढे हिंजवडी वाढली, वावरात चार मजली इमारत उभी राहिली आणि मेंढरांच्या जागी कंपनीतली पोरं भाड्याने बसली. पण दादासाहेबांनी ओळख ठेवली. वैष्णवी हॉटेलचं शिक्षण घ्यायला लागली तेव्हा त्यांनी तिला गच्चीलगतची खोली दिली. शिक्षण झालं आणि नोकरी लागली ती एका परदेशी कंपनीच्या जहाजावर. आईबाप आणि पोरंबाळं अख्खी कुटुंबं घेऊन फिरणारं जहाज. आईबाप मजा करतात तोवर त्यांची पोरं सांभाळायची, हे वैष्णवीचं काम.

"म्हंजे कोकरं राखती," गेणबा लोकांना सांगायचा. तेवढं त्याला कळलं होतं. बाकी काही कळलं नव्हतं. जी जागा स्वतःच चालते ती बघायला जायचं कुठे? वैष्णवी आठ महिने जायची, दोन महिने घरी यायची, पुन्हा जायची. दोनदा कागदावर सही झाली आणि दोन्ही वेळा गेणबा न बघताच "जा" म्हणाला. सही झाली त्या दोन्ही दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

गणपतीत पोरीचा फोन आला. "आबा, आता पुढचा कागद मोठा हाय. पोरांच्या खोलीची मुख्य करत्यात मला. सही करू का?"

गेणबा म्हणाला, "दोनदा चुकलो. आता जागा बघितल्याबिगर मी व्हय म्हणणार न्हाई. बघाय मिळाली तर बघू. न्हाईतर घरी ये."

"बरं," वैष्णवी म्हणाली. भांडली असती तर गेणबाला बरं वाटलं असतं. ते नुसतं "बरं" त्याच्या कानात आठवडाभर घुमत राहिलं.

अशात बातमी आली. आणली अर्थातच दादासाहेबांनी. मुद्दाम गाडी काढून ते माल्याला आले आणि बाजेवर बसायच्या आत बोलायला लागले. "गेणबा, तुझ्या पोरीची कंपनी जहाजांना नवी घरं देतीये. होम पोर्ट म्हणतात त्याला. जहाज तिथनंच निघायचं, फिरायचं, आठवड्यानं तिथंच परत यायचं. आणि त्यात मुंबईचं नाव आहे म्हणतात."

"कोण म्हणतंय?"

"सगळेच म्हणतायत की."

गेणबाला कल्पना लगेच पटली. त्यात न पटण्यासारखं काही नव्हतंच. वर्षानुवर्षं मेंढरं एकाच वावरात येऊन बसतात, तसंच हे. फरक एवढाच की वावर पाण्याचं.

मग ती बातमी मुळशीत सुटली आणि बातमीला आमच्या भागात पाय नाही, चाकं असतात. पौडला पोचेपर्यंत मुंबईचं नक्की झालं होतं. हिंजवडीत कोणी सांगितलं की एक जहाज कोकणातही थांबणार. मारुंजीत दादासाहेब जहाजावरच्या पोरांना खोल्या भाड्याने देण्याचे बेत करायला लागले. मारुंजीहून बंदर किती लांब आहे हे त्यांना कोणी विचारलं नाही. कासारसाईत तर एका बहाद्दराने धरणाच्या पाण्याकडे हात करून सांगितलं की छोटी जहाजं हितंबी आणतील. तिथे म्हशी धुवायला मारामार, पण ऐकणाऱ्यांनी मान डोलावली.

वैष्णवीला विचारलं तर ती म्हणाली, "आमीबी असंच ऐकतोय, आबा. वरचं कुणी काय बोलत न्हाई. पर दिवाळी झाल्यावर आमचं जहाज एक दिवस मुंबईला थांबणार हाय, एवढं खरं."

एवढं ऐकलं आणि गेणबा उठून उभाच राहिला. "मग तर ठरलंच की," तो साळूबाईला म्हणाला. "जागा बघाय आधी एकाला पुढं धाडलंय त्यांनी. जाणती मान्सं दिसत्यात." त्या कंपनीविषयी त्याच्या मनात पहिल्यांदाच आदर उत्पन्न झाला.

त्या वर्षी गेणबाने जन्मात केलं नव्हतं ते केलं. निघायला तयार असलेला कळप दोन दिवस थांबवून ठेवला. कोकणातलं शेत बघायला पुतण्या सिद्धनाथला धाडलं आणि स्वतः मुंबईला निघाला. नुकतीच जन्मलेली कोकरं होती म्हणून साळूबाईला हलता येईना. तिने भंडाऱ्याची पुरचुंडी बांधून दिली.

"पोरीच्या कपाळाला लावा. आन् उरलेला जहाजाच्या उंबऱ्यावर."

"जहाजाला उंबरा असतोय व्हय?"

"दार असंल तर उंबराबी असंल," साळूबाई म्हणाली आणि पुढे हळूच विचारलं, "आन् न्हाई पटली जागा, तर?"

"तर घिऊन येतो तिला."

दादासाहेबांनी गाडी काढली. त्यांनाही जहाज बघायचंच होतं. पहाटे निघून उन्हं वर यायच्या आत ते बंदरावर पोचले. गेणबा मागच्या सीटवर काठी दोन्ही गुडघ्यांत धरून, गुलाबी फेटा छताला टेकू नये म्हणून मान वाकडी करून बसला होता.

गोदामांच्या रांगेतून गाडी वळली आणि गेणबाला वाटलं, समोर मोठी इमारत आहे. पांढरी, ओळीने खिडक्यांची. मारुंजीला असतात तसली, पण मारुंजीच्या दहाबारा इमारती एकमेकींना चिकटवल्यासारखी लांब. इथेही माणसांनी सगळं बांधून काढलंय, असं मनात म्हणून तो समुद्र शोधायला लागला.

"गेणबा," दादासाहेबांचा आवाज बसला होता. "अरे तेच ते."

गेणबा गाडीतून उतरला. माणसाने केलेली सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे मुळशीच्या धरणाची भिंत, असं तो आजवर धरून चालला होता. लहानपणी ती भिंत पहिल्यांदा बघितली तेव्हा त्याने बापाचं धोतर घट्ट पकडलं होतं. आज पकडायला बाप नव्हता. आणि ही भिंत तर काल इथे नव्हती, उद्या इथे असणार नव्हती. ही पाण्यावरून चालत आली होती. तो बघत राहिला. खिडक्या मोजायला गेला आणि पाचव्या ओळीत चुकला. मेंढरं त्याने कधी मोजली नव्हती, ती तो तोंडावरून ओळखायचा. या खिडक्यांना तोंडं नव्हती, पण त्यातल्या एकीमागे त्याची पोर दोन वर्षं झोपत होती. हे सगळं लोखंड तरंगतं कसं, हा प्रश्न त्याला पडला आणि त्याने तो सोडून दिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दुःखाचं नव्हतं. एवढं मोठं काही आपण जिवंत असताना बघायला मिळालं, याचं होतं.

तेवढ्यात अगदी वरून, आभाळाला लागून असलेल्या मजल्यावरून, बारीक किलबिलाट ऐकू आला. कठड्याआड पोरांची रांग चालली होती. सगळ्यांनी एकच दोरी धरलेली, पुढे एक बाई, मागे एक बाई. मधलं एक पोर दोरी सोडून बघत उभं राहिलं तर मागच्या बाईने न ओरडता त्याच्या पाठीला नुसता हात लावला. ते पुन्हा रांगेला लागलं.

"बगा दादा," गेणबा म्हणाला. "आमच्यावानीच."

फाटकावर त्यांना अडवलं. आत जायला पास लागतो आणि पास फक्त प्रवाशांना. जहाजावर चढता येणार नाही. गेणबाने हे दोनदा समजावून घेतलं. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं, की जागेपर्यंत पोचला आणि पाय टेकवता आला नाही. पहारेकरी मराठीच होता. त्याने निदान फाटकाच्या आतल्या झाडाखाली थांबू दिलं. काठी मात्र गाडीत ठेवायला लावली.

वैष्णवी धावतच आली. पांढरा शर्ट, छातीवर नावाची पट्टी, केस घट्ट बांधलेले. ती वाकली तेव्हा गेणबाने तिच्या कपाळाला भंडारा लावला. दादासाहेब शहाणे माणूस, ते फोन आल्याचं निमित्त करून लांब गेले.

"अर्धा तास हाय माझ्याकडं," वैष्णवी म्हणाली. "आबा, आधी खरं ते सांगते. मुंबईचं न्हाई झालं. आज सकाळी आमाला सांगितलं. हे जहाज आता पार पल्याडच्या मुलखात ऱ्हाणार. तितलं बंदर त्याचं घर. हितं नंतर न्हाई यायचं."

"मग हितं कशापायी आलं?"

"वाटंवर हुतं म्हणून."

गेणबाने मान हलवली. वाटेवरचा मुक्काम त्याला ठाऊक होता.

"सही आज सांजच्याला द्यायची," ती म्हणाली. "तुमी म्हणला हुता, जागा बघितल्याबिगर न्हाई. बॅग भरून ठिवलीय. तुमी म्हणाल तर उतरते."

ती खरंच उतरेल, हे त्याला दिसत होतं. "चल" एवढंच म्हणायचं होतं. तिन्हीसांजेला ती माल्यात असती, कोकरांना पाजत. गेणबाने जहाजाकडे पाहिलं आणि रोजचं काम करावं तसं विचारायला सुरुवात केली.

"झोपाय कोरडं हाय का?"

"हाय."

"शेजार?"

"खोलीत एक फिलिपीनची बाई हाय. लई माया करती. मला ताप आला तवा दोन दिस बसून हुती."

"वारं सुटलं म्हंजे?"

"हालतं थोडं. भीती वाटायची आधी. आता पोरांना मीच सांगते, भिऊ नका."

"आन् पाणी? एवढ्या मान्सांना पाणी कुटलं?"

वैष्णवी पहिल्यांदा हसली. "जहाजातच करत्यात, आबा. समुद्राचंच उपसत्यात, मीठ काढत्यात आन् गोड करत्यात. ह्याच जहाजाचं हाय." तिने खांद्यावरच्या पिशवीतून बाटली काढून पुढे धरली आणि तशीच धरून उभी राहिली.

समुद्राचं गोड करतात. गेणबाने समोरच्या काळपट, तेलकट पाण्याकडे बघितलं आणि मग बाटलीकडे. उन्हात ते पाणी स्वच्छ दिसत होतं. त्याने पायातल्या वहाणा काढल्या, फेटा सारखा केला आणि उभ्यानेच तीन घोट घेतले. ताम्हिणीच्या झऱ्याची चव त्याला नव्हती. पण मीठही नव्हतं. पाणी गोड होतं.

वैष्णवी त्याच्या तोंडाकडे बघत होती. घोडीवरून बघायची तशी.

"आबा, पिलं का?"

"पिलं."

तिचे खांदे खाली आले. दोन वर्षं ती कशी झोपली असेल ते गेणबाला तेव्हा कळलं. तोही तेवढाच जागा होता, हे त्याने तिला सांगितलं नाही.

"जागा बरी हाय," तो म्हणाला.

चौथा शब्द येईना. तीस वर्षं तो आपोआप यायचा. वैष्णवी थांबली होती. तिच्यामागे ते पांढरं प्रचंड घर थांबलं होतं आणि त्याच्या माथ्यावर पोरांची रांग फिरून पुन्हा पहिल्या टोकाला आली होती. गेणबाने उरलेला भंडारा पुरचुंडीसकट तिच्या मुठीत दिला, मूठ मिटवली आणि सांगितलं, "आईनं उंबऱ्यावर टाकाय सांगितलाय." मग म्हणाला, "हल."

ती गेली. जहाजाच्या शिडीपाशी एकदा वळली. गेणबाने हात वर केला.

गाडीत बसल्यावर दादासाहेबांनी बराच वेळ धीर धरला. पनवेल मागे पडल्यावर मात्र राहवेना. "होम पोर्टचं काय झालं रे?"

"न्हाई हितं. वाडा पुढं चालला."

"आणि पोरगी?"

"वाड्यासंगं."

दादासाहेबांना खोल्यांचं काही विचारायचं होतं, ते त्यांनी विचारलं नाही. गेणबाने काठी बाजूला ठेवली होती. मांडीवर ती बाटली होती, अर्धी भरलेली. घाटाच्या वळणावर ती कलंडू नये म्हणून त्याने ती दोन्ही हातांनी धरली. माल्यात पोचल्यावर साळूबाईला आधी पाणी द्यायचं होतं, बाकीचं मग सांगायचं होतं.