मी पुढचं चाक, ऐंशी मिलिमीटर

मी सायकलचं पुढचं चाक बोलतोय. साधं नव्हे, शर्यतीचं, काळं, कार्बनचं, ऐंशी मिलिमीटर खोल रिमचं. साध्या चाकाची रिम बोटभर असते आणि बाकी सगळ्या तारा. माझी रिम तळहाताएवढी रुंद. समोरचा वारा माझ्यावरून गुळगुळीत निघून जातो, म्हणून माझ्यावर स्वार झालेला माणूस तेवढ्याच दमात थोडा जास्त पल्ला गाठतो. ही झाली माझी स्तुती. दोषही आहे, तो पुढे येईलच.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या बायका काळं चिकट कापड कापून साच्यात थरावर थर बसवत होत्या. माझा एक थर जरा तिरका बसला, तर एकीने तो उचलून पुन्हा लावला. मग साचा बंद करून भट्टीत. बाहेर काढल्यावर तिने मला हातात तोललं आणि शेजारणीला म्हणाली, "हे छान निघालं बघ." माझ्याबद्दल कुणीतरी काढलेला तो पहिला उद्गार. मी मोठा होणार, नाव काढणार, असं मला तेव्हापासूनच वाटायला लागलं.

तिथून मी आलो मिस्त्रीच्या दुकानात. एकटा नाही, आम्ही तिघं आलो. एक चाळीसचं, एक साठचं आणि मी. वापरून बघा, आवडेल ते ठेवा, उरलेली परत पाठवा, असा करार होता.

मिस्त्री सव्वीस वर्षं चाकं बांधत होता. चाक वाकडं फिरायला लागलं की त्याचा आउट काढावा तर त्यानेच. बोटाने तार छेडायचा, मान कलती करून ऐकायचा आणि पाना अर्धा फेरा फिरवायचा. झालं काम. नवी चाकं घ्यायला येणाऱ्याला तो तीनच गोष्टी विचारायचा: वजन किती, रस्ता कुठला, वारा कसा असतो. बोलायला फटकळ. एका सडपातळ माणसाने खोल रिम मागितली तर म्हणाला, "साहेब, सायकल चालवायची आहे की पतंग उडवायचाय?" माणूस खजील झाला, पण त्याचं ऐकून सरळ कमी खोल रिमचं चाक घेऊन गेला.

त्याची बायको इस्पितळात एक्स-रे काढायची. दुकानात सगळे तिला वहिनी म्हणत, म्हणून मीही वहिनीच म्हणतो. वय चव्वेचाळीस, वजन बावन्न किलो. वहिनी ट्रायथलॉन करायची. आधी पोहायचं, ओल्या अंगानेच सायकल गाठायची आणि ती संपली की धावायचं. पाण्यात ती सगळ्यांच्या पुढे असे. सायकलवर तिला गाठत. आदल्या वर्षी तिच्या वयोगटात ती तिसरी आली. पहिल्या दोघींना मोठ्या शर्यतीचं बोलावणं असतं. वहिनी दुसरीच्या मागे एक्केचाळीस सेकंद होती.

हे एक्केचाळीस सेकंद त्या घरात महिनोन् महिने बसून होते. घर दुकानाच्या वरच होतं. मिस्त्री कागदावर वजन, वेग, वारा मांडत बसायचा. वहिनी ड्यूटीवरून आली की तशीच आम्हा तिघांसमोर उभी राहायची. एकदा मिस्त्रीची आई खाली आली, आमच्याकडे बघून नाक मुरडलं आणि म्हणाली, "महिना झाला तुमचं चाललंय. सून पसंत करायला मला अर्धा दिवस लागला होता."

"आणि पस्तावलात का?" वहिनीने विचारलं.

"अजून ठरवतेय," सासूबाई म्हणाल्या. तिघंही हसली. त्या दुकानात ती तिघं अशी एकत्र हसलेली मी नंतर पाहिली नाहीत.

दोन दिवसांनी निवड करायची वेळ आली.

"पुढे चाळीस, मागे ऐंशी," मिस्त्री म्हणाला. "मागच्या चाकावर तुझं वजन असतं, ते वारा सोसतं. पुढच्याला बाजूने वारा लागला तर ते हँडलच ओढतं."

"त्या दोघींची पुढची चाकंसुद्धा ऐंशीचीच होती."

"त्या तुझ्यापेक्षा दहा-दहा किलोंनी जास्त आहेत."

"एक्केचाळीस सेकंद, अरे! एवढंच हवं होतं मला."

"आणि शर्यतीत खाडीवरच्या पुलावर वारा सुटला तर?"

वहिनीने हातातली पिशवी खाली ठेवली. "तू सगळ्या गावाला सांगतोस तेच मला सांगतोस. मी गिऱ्हाईक आहे का? वीस वर्षांत एकदा तरी म्हणालास, जा, तुला जमेल? पोहायला निघाले तरी जपून, जिना उतरले तरी जपून. मी पडेन, एवढंच तुला दिसतं. एकदा तरी विश्वास ठेव ना माझ्यावर."

मिस्त्रीला ते लागलं. फटकळ माणसाला दुसऱ्याचं बोलणं जरा जास्तच लागतं. तो उठला, साठचं आणि चाळीसचं बाजूला ठेवलं आणि मला खाली काढलं. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? तिघांत माझी निवड झाली होती.

पुढचे सहा आठवडे पहाटे-पहाटे वहिनी माझ्यावर सराव करायची. कोपरं हँडलवर टेकवून, पाठ सपाट करून. हवा शांत असायची आणि मी सूं सूं करत रस्ता कापायचो. परत आली की ती घड्याळ मिस्त्रीपुढे धरायची. तोही हसायचा. पण बोलायचा नाही. आता तोंडातून 'जपून' काढायचं नाही, असं त्याने मनाशी धरलं होतं. चाळीसचं चाक मात्र त्याने परत पाठवलं नाही.

शर्यतीच्या दिवशी सायकली आदल्या संध्याकाळपासूनच कुंपणाच्या आत टांगलेल्या होत्या. आत फक्त शर्यतीतली माणसं. सकाळी चाकांत हवा भरायला, हवं तर चाक बदलायला तासभर मिळतो. माझी जागा कुंपणाला लागून होती, म्हणून पुढचं सगळं मी जवळून पाहिलं.

वहिनी डोक्यावर टोपी चढवत होती. कुंपणापलीकडे मिस्त्री आला. केस विस्कटलेले, डोळ्यांत पाणी, वाऱ्यात उभं राहिल्यावर येतं तसं. तो खाडीवरच्या पुलावर जाऊन आला होता. त्याच्या खांद्याला चाकाची काळी पिशवी होती. वहिनीच्या चेहऱ्यावरचा आनंद बघताच त्याने ती पिशवी पाठीमागे सरकवली.  ती इतकी खुशीत होती.

"पुलावर जाऊन आलास? वारा कसा आहे?"

मिस्त्रीने तोंड उघडलं. माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. कुंपणाची जाळी त्याने मुठीत धरली होती.

"ठीक आहे," तो म्हणाला. "जा. तुला जमेल."

वहिनी जाळीला कपाळ टेकून हसली. वीस वर्षं ती या शब्दांची वाट बघत होती. ते मिळाले आणि ती पाण्याकडे पळाली. मिस्त्री पिशवी घेऊन तिथेच उभा राहिला. दारं बंद झाल्याची शिट्टी वाजली, तरी उभाच.

पोहून ती पहिली बाहेर आली. पहिल्या फेरीत पुलावर वारा जवळजवळ समोरून होता. मी माझं काम चोख केलं. मागच्या दोघी दिसेनाशा झाल्या. दुसऱ्या फेरीपर्यंत वारा फिरला. पुलाचा कठडा मध्ये भिंतीसारखा आहे आणि मग एकदम उघडा, नुसते गज. भिंत संपली तिथे वाऱ्याने माझ्या अंगावर सगळा भार टाकला. मी वळलो. मला वळायचं नव्हतं, पण माझा घाटच तसा. वहिनीने तोल सावरायला कोपर उचललं, हात ब्रेककडे नेला, आणि तेवढ्या अर्ध्या क्षणात हँडल तिच्या हातून गेलं. ती उजव्या खांद्यावर पडली.

तिच्याच इस्पितळात नेलं. तिच्याच खोलीत, तिच्याच मैत्रिणीने एक्स-रे काढला. पडद्यावर चित्र उमटल्यावर डॉक्टर यायच्या आत वहिनीनेच वाचून सांगितलं, "गळ्याचं हाड आणि खांद्याची वाटी. वाटीचं काही खरं नाही." मिस्त्रीने हे आईला सांगितलं तेव्हा मी दुकानाच्या कोपऱ्यात होतो. 

हाड जुळलं. हात मात्र कानापर्यंत पोचेना. धावता आलं असतं, सायकलही जमली असती. पण पोहणं गेलं, आणि तीच तर तिची मिरास होती.

मला वरून ओरखडाही नव्हता. मिस्त्रीने नाणं घेऊन माझ्या रिमवर इंच-इंच टकटक केलं, कान लावून ऐकलं. सगळीकडे खणखणीत. एका जागी बद्द. आत थर सुटला होता. आता माझ्यावर कुणी बसणं धोक्याचं. त्याने मला आकड्याला टांगलं.

पडल्याच्या चौथ्या दिवशी वहिनी गळ्यात हात अडकवून दुकानात आली होती. भिंतीपाशी ती काळी पिशवी होती. तिने डाव्या हाताने चेन उघडली. आत चाळीसचं चाक, टायर चढवलेलं.

"हे कुणाचं रे?"

"आहे एका गिऱ्हाइकाचं," मिस्त्री मान वर न करता म्हणाला.

तिने टायर अंगठ्याने दाबून पाहिलं. चेन परत लावली. जिना चढून वर गेली.

त्यानंतर दोन वर्षं त्या घरात सगळं सुरळीत होतं, आणि काहीच सुरळीत नव्हतं. चहा वेळेवर व्हायचा, सासूबाईंची औषधं आणली जायची. पण वहिनी दुकानात थांबेनाशी झाली. सायकलबद्दल तिने नवऱ्याला पुन्हा एक अक्षर विचारलं नाही. तो गिऱ्हाइकांशीही कमी बोलू लागला. कुणी खोल रिम मागितली की तोंडात गुळणी धरल्यासारखा ती काढून द्यायचा.

गेल्या आठवड्यात एक तरुण डॉक्टरीणबाई आली. अंगाने बारीक. तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "हेच हवंय मला."

"ते विकायचं नाही."

"मग असंच दुसरं द्या. पुढच्या महिन्यात पुलावरची शर्यत आहे."

मिस्त्री दुसरं आणायला वळला, दोन पावलं गेला आणि थांबला. पाठ तिच्याकडेच. म्हणाला, "बाई, याच्यावरून माझी बायको पडली. त्याच पुलावर. पहाटे मी तिथे उभा राहून आलो होतो, वारा सुटणार हे मला दिसत होतं. लहान चाक माझ्या खांद्यावर होतं, हवा भरून. तिने विचारलं वारा कसा आहे, आणि मी म्हणालो ठीक आहे."

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर वहिनी उभी होती. डॉक्टरीणबाईने दोघांकडे पाहिलं, "मी उद्या येते," म्हणाली आणि निघून गेली.

"गिऱ्हाइकाचं चाक होतं ना ते?" वहिनी म्हणाली.

"तुझं होतं."

"माहीत आहे. बावन्न किलोच्या माणसाला लागते तेवढीच हवा होती त्यात. माझ्या अंगठ्याला कळतं ते."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले."

मिस्त्री स्टुलावर बसला. "तू म्हणाली होतीस, एकदा तरी विश्वास ठेव. मला वाटलं, आता वाऱ्याचं नाव काढलं तर..."

"विश्वास ठेव म्हणाले होते. गप्प बस नव्हते म्हणाले." तिचा आवाज चढला नाही. "कदाचित ऐकलंही नसतं मी तुझं. याच चाकावर गेले असते आणि पडलेही असते. पण ते माझं मी ठरवलेलं असतं. तू मला ठरवूच दिलं नाहीस."

  माझी निवड झाली म्हणून ज्या दिवशी मी फुशारलो, त्या दिवसाची मला लाज वाटते. खरं तर पुलावर जाण्याआधी, कुंपणाशी, माझी निवड पुन्हा एकदा व्हायला हवी होती. ती झालीच नाही.

जाता जाता वहिनी एवढंच म्हणाली, "ते कापून टाक. कुणीतरी चुकून बसवेल."

आज सकाळी मिस्त्रीने मला खाली घेतलं. एकेक तार सोडवली, मधला हब काढून पुसून ठेवला. तो दुसऱ्या कुठल्या चाकात जाईल. आता माझी नुसती रिम उरली आहे, शिकंज्यात अडकवलेली. वहिनी ड्यूटीला निघाली होती. दारात थांबली.

"धरायला हवं ना कुणी?"

"हवं," तो म्हणाला. मग जरा अडखळत, "मास्क लाव. याची धूळ छातीत जाते. चष्मा लाव. आणि आरीचं पातं इथे, रिमच्या जोडापाशी, सटकतं. सटकलं तर हात मागे घ्यायचा, चाक सोडून द्यायचं."

"बरं," ती म्हणाली.

तिने मास्क लावला, चष्मा चढवला. उजवा हात तेवढा वर जात नाही म्हणून फिरून पलीकडे गेली आणि डाव्या हाताने मला धरलं. तिची बोटं जोडापासून वीतभर लांब आहेत. मिस्त्रीने ती बघितली, आणखी दोन बोटं मागे घ्यायला सांगितलं. तिने घेतली.

मला जे सांगायचं होतं ते सांगून झालं. माझ्यासारखी चाकं दुकानांतून खूप टांगलेली असतात, दिसायला देखणी. घ्या, जरूर घ्या, पण तुमचं वजन आणि तुमचा रस्ता माहीत असलेल्या माणसाला आधी बोलतं करा. आणि तो माणूस तुम्हीच असाल, तर समोरच्याला राग येईल म्हणून थांबू नका.

आरी सुरू झाली. येतो मी.