नानाजींना वेळ नाही

“मुकेश, वांग्याले पानी देल्लं का?”

नानाजी रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडावर चढून फोनमध्ये ओरडत होते, कारण खाली उतरलं की रेंज जात होती. चहूकडे राजस्थानचं वाळवंट पसरलं होतं आणि नानाजींचं सगळं लक्ष कामरगावच्या त्यांच्या विहिरीवर होतं. पलीकडून मुकेशने, म्हणजे त्यांच्या मुलाने, दिलं म्हणून सांगितलं. तेच उत्तर त्याने सकाळी उठल्या उठल्याही दिलं होतं. नानाजींचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. आपल्याशिवाय वांग्यांना कोणी पाणी देऊ शकतं, हेच मुळात त्यांना मान्य नव्हतं.

या वाळवंटात ते आपण होऊन आलेच नव्हते. त्यांचा मित्र मारोतराव एस.टी.तून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाला आणि स्टेअरिंग सुटल्यावर त्याला घर खायला उठलं. शेवटी त्याने शाळेची जुनी बस विकत घेतली आणि आतल्या सीटा काढून टाकल्या. दुसरा मित्र जगदेव, बिछायत केंद्रवाला, म्हणजे लग्नांना गाद्या-पडदे भाड्याने देणारा. पौषात लग्नं नसतात, त्यामुळे त्याच्या गाद्या आणि पडदे नुसते पडून होते. ते सगळे त्याने बसमध्ये लावले. गॅसची शेगडी आली, टपावर पाण्याची टाकी चढली. आतून ती बस थेट लग्नाच्या स्टेजसारखी दिसू लागली, फक्त नवरानवरी तेवढे म्हातारे होते. पौष संपेपर्यंत यात राहायचं, वाळवंटात फिरायचं आणि माघातल्या लग्नांआधी पडदे परत न्यायचे, असा बेत ठरला.

मारोतराव हुशार. त्याने नानाजींना विचारलंच नाही, थेट त्यांच्या बायकोला, पंचफुलाबाईंना विचारलं. बाईंनी कधीतरी टीव्हीवर रेतीचे डोंगर पाहिले होते आणि तेव्हापासून ते एकदा डोळ्यांनी बघायचे, एवढंच त्यांचं मागणं होतं. त्यावर नानाजींचं उत्तर ठरलेलं: “मले वेळ नाही.” धनजला बाईंच्या भावाकडे जायचं म्हटलं तरी हेच उत्तर, नातीच्या गॅदरिंगलाही हेच. खोटं बोलत नव्हते बिचारे. भाजीपाल्याला सुट्टी नसते. पण सुट्टी नसते म्हणता म्हणता बाईंचे केस पिकले होते. या वेळी त्यांनी नवऱ्याला न विचारता पिशवी भरली. नानाजी फुगून बसमध्ये चढले, एक पोतं वांगी आणि आपलं फावडं घेऊन.

“फावडं कायले?” जगदेवने विचारलं होतं.

“असू दे. तुले काय खुपून राह्यलं?”

त्या दिवशी दुपारी बस एका बंद धाब्यापाशी थांबली होती. धाब्यामागे कोणीतरी मिरचीची रोपं लावली होती आणि ती माना टाकून उभी होती. नानाजींना ते पाहवेना. बाकीचे सावलीत कलंडल्यावर त्यांनी फावड्याने छानशी सरी काढली, टाकीचा पाइप आणून तिच्यात सोडला आणि पाणी झुळझुळ वाहू लागलं तेव्हा घर सोडल्यापासून पहिल्यांदा त्यांना बरं वाटलं. मग ते निवांतपणे दगडावर चढले, मुकेशला पाणी कसं द्यायचं ते शिकवायला.

पाइपची त्यांना आठवणही राहिली नाही. त्यात त्यांचा तरी काय दोष? गावाकडे पाणी कोणी बंद करत नाही. मोटर चालू करून द्यायची, लाईन जाते तेव्हा पाणी आपोआप थांबतं. वीज कंपनीवर एवढा गाढ भरवसा ठेवलेला माणूस सबंध वाळवंटात दुसरा नसेल. इथे मात्र लाईन जाणारी नव्हती. टाकीतला शेवटचा थेंब मिरचीच्या मुळाशी गेला तेव्हाच पाणी थांबलं.

मारोतरावने टाकी ठोकून पाहिली, मग पाइप पाहिला, मग फावडं पाहिलं. नाना, तुला बसच्या टपावर बांधून आणायला हवं होतं, असं तो म्हणाला. इंजिन तापलेलं, रेडिएटरला पाणी हवं, धाब्याच्या नळाला कुलूप. पुढे रेतीच्या डोंगरापर्यंत काय मिळेल कोण जाणे, मागे निदान मोठं गाव होतं. गाडी कशीबशी मागे न्यायची, असं त्याने ठरवलं. आणि एकदा मागे फिरलं की पुन्हा इकडे येणं नाही, कारण जगदेवच्या पडद्यांचं माघातलं पहिलं लग्न तोंडावर आलं होतं.

म्हणजे घरी जायचं. नानाजींच्या मनात उकळ्या फुटल्या. तोंड मात्र त्यांनी शक्य तेवढं पाडलं आणि बायकोची बोलणी खायला बसमध्ये डोकावले.

पंचफुलाबाई बुटांचं खोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. नातीने, वर्षाराणीने, आजीला रेतीत चालायला पांढरे कॅनव्हासचे बूट घेऊन दिले होते. डोंगर आता आलेच म्हणून बाईंनी ते सकाळीच उशाशी काढून ठेवले होते. आता त्या ते एकेक करून खोक्यात परत ठेवत होत्या. कागदही नीट दुमडून घातला. त्या भांडल्या असत्या तर नानाजींना सोपं गेलं असतं.

“राहू दे ते बाहेर,” ते म्हणाले. “मी आलोच.”

“आता कुठी चालले?”

उत्तर न देता त्यांनी दोन कॅन उचलले, वांग्यांचं पोतं खांद्यावर टाकलं आणि दूर दिसणाऱ्या झोपड्यांकडे चालू लागले.

झोपडीपुढे एक बाई रेतीने ताटं घासत होती. पाण्याचं नाव नव्हतं. नानाजींनी आपल्या वऱ्हाडी हिंदीत पाणी मागितलं आणि ते कुठे गेलं हेही खरंखरं सांगून टाकलं. बाईने ते दोनदा विचारून घेतलं, मग पदराआड बराच वेळ हसली. तिने जमिनीतल्या टाक्यावरचं झाकण काढलं आणि बादलीने उपसून दोन्ही कॅन भरून दिले. नानाजींनी वांगी तिच्या पुढ्यात ओतली, एकही मागे ठेवलं नाही.

येताना मात्र कॅनने दंड भरून आले. विहिरीचं पाणी सरीत सोडण्यात त्यांचा जन्म गेला होता, पण पाणी उचलून कधी आणलं नव्हतं. घरात ते पंचफुला आणायची. इतकी वर्षं आणायची. एक थेंब सांडला तरी त्यांचा जीव खाली-वर होत होता.

“एक तुया गाडीले, एक प्याले,” धापा टाकत ते मारोतरावला म्हणाले. “अन् गाडी समोरच घे. मागं फिरवशीन तं मी इथंच मिरची राखत बसतो.”

मारोतरावने जगदेवकडे पाहिलं. जगदेव म्हणाला, घे बाप्पा समोर, हा खरंच बसेल.

उन्हं कलताना ते रेतीच्या डोंगरांशी पोहोचले. पंचफुलाबाईंनी बूट घातले, दहा पावलं चालल्या आणि काढून हातात घेतले. रेती ऊन होती, मऊ होती. मध्यावर जाऊन त्या पाय पसरून बसल्या आणि समोर बघत राहिल्या. नानाजी शेजारी उभेच. सवयीने त्यांनी उतार पाहिला, पाणी कुठून काढता येईल ते पाहिलं आणि फावडं बसमध्ये राहिल्याचं त्यांच्या ध्यानात आलं.

“बसा न जरा,” बाई म्हणाल्या. नानाजी बसले.

तेवढ्यात फोन वाजला. इथे रेंज होती. नानाजींचा हात खिशाकडे गेला, पण बाईंनी त्याआधीच फोन काढून घेतला आणि कानाला लावला. पलीकडे मुकेश होता. वाफ्यातला सांबार, म्हणजे कोथिंबीर, बाजारात न्यायला झाला होता, उद्या उपटू का म्हणून विचारत होता. बाबांना दे म्हणाला.

“तुया बाबाले वेळ नाही,” पंचफुलाबाई म्हणाल्या. “माह्यापाशी बसून राह्यले ते.”

त्यांनी फोन बंद करून एका बुटात ठेवला. नानाजींनीही पाय पसरले.