न उघडलेली बॅग

समुद्रावर चक्रीवादळ उठलं की चष्मेवाल्यांच्या घरी धांदल उडायची. धांदल पाहुणचाराची, बरं का! किनाऱ्यावर राहणारी त्यांची थोरली बहीण तेवढ्यापुरती माहेरी मुक्कामाला यायची. मग गाद्या निघायच्या, पत्ते निघायचे, गप्पा रंगायच्या. "समुद्र तुमचा, वादळ तुमचं. आमच्याकडे येतात ते फक्त पाहुणे," असं चष्मेवाले ऐटीत म्हणायचे. समुद्रापासून लांब राहणारे तुम्हीआम्ही तरी दुसरं काय म्हणतो?

यंदा मात्र ताईने बॅग उघडलीच नाही. ती दाराशी ठेवून तिने आधी समोरचा ओढा पाहिला आणि विचारलं, "इथून पुढे कुठे जायचं ठरलंय?"

चष्मेवाल्यांना हसू आवरेना. इथवर येईपर्यंत वादळाचा दम निघून जातो, असं त्यांनी तिला समजावलं.

"वाऱ्याचा दम जातो रे, पावसाचा नाही," ताई म्हणाली. "वारा पडला तरी ढग रिकामे व्हायचेच असतात. ते इथे झाले तर? अण्णांना बाहेर कसं नेशील, ते आत्ता करून दाखव."

अण्णा म्हणजे दोघांचे वडील. चाकांच्या खुर्चीशिवाय त्यांना हलता येत नसे. त्यात काय एवढं, म्हणत चष्मेवाल्यांनी खुर्ची पुढच्या दाराकडे वळवली. ताईने अडवलं. ओढा चढला की पहिली बुडणार ती पुढचीच गल्ली. टेकडीवरच्या शाळेकडे जाणारा रस्ता मागच्या दाराने होता.

खुर्ची मागे वळली आणि थबकली. दारापुढे छताला टेकलेली गाद्यांची थप्पी! पाहुण्यांसाठी हौसेने जमवलेल्या गाद्या. त्यांच्यामागे कडी गंजून घट्ट बसलेली. चष्मेवाल्यांचा चेहरा खर्रकन उतरला. ज्या गाद्यांचा एवढा तोरा मिरवला, त्यांनीच बापाची वाट अडवली होती.

मग काय विचारता! गाद्या भराभर माडीवर गेल्या. कडीवर तेल पडलं, हातोडा पडला. अण्णा खुर्चीतून हुकूम सोडत होते. कित्येक दिवसांत त्यांना असा हुरूप आला नव्हता. दार करकरत उघडलं आणि सगळ्यांनी टाळ्या पिटल्या! औषधं, कागदपत्रं, बॅटरी, पाणी, सगळं एका पिशवीत गेलं. चष्मेवाले स्वतः शेजाऱ्यांची दारं ठोठावून आले. काही हसले, काहींनी मुकाट्याने पिशव्या भरल्या.

दुसऱ्या दिवशी पावसाने नुसती झोड उठवली. घरं सोडा, अशी गाडीवरून दवंडी फिरली तेव्हा अण्णांची खुर्ची शाळेच्या पायरीशी पोहोचलीसुद्धा होती. दुपारपर्यंत ओढ्याचं पाणी त्यांच्या खोलीच्या खिडकीला लागलं. वरून ते पाहताना चष्मेवाल्यांच्या मनात आलं, अण्णा आत त्या खोलीत असते तर?

शाळेच्या वर्गात कुणीतरी चष्मेवाल्यांना सतरंजी दिली. आयुष्यभर यजमान असलेला हा माणूस पहिल्यांदाच पाहुणा झाला होता.

"ताई, तू आली नसतीस तर..." चष्मेवाले म्हणाले.

"मी काय दर वेळी येईन?" असं म्हणत ताईने आता कुठे बॅग उघडली आणि अण्णांच्या अंगावर कोरडी शाल घातली.

मंडळी, समुद्र लांब असला म्हणून संकट लांब असतं असं नाही. जायचं कुठे आणि आपल्या माणसांना न्यायचं कसं, हे ऊन असतानाच ठरवून ठेवा. आणि आज घरी गेल्यावर तुमचं मागचं दार एकदा उघडून पाहा.